कागद उलटा धरला होता

गुरुवारी दुपारी मोडी शिकवायला आलेल्या सरांनी माझ्या हातातली झेरॉक्स हळूच काढून घेतली, उलटी फिरवली आणि पुन्हा माझ्या हातात दिली. "असा धरा, ताई." एवढंच म्हणाले. वर्गातली पोरं सभ्य, कोणी हसलं नाही. हसले ती मीच.

चूक कशी झाली ते सांगते. मोडी लिहिताना आधी कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक सलग रेघ ओढतात आणि मग अक्षरं तिच्याखाली लटकवत जातात. ती रेघ मला वहीतल्या छापील ओळीसारखी वाटली. वहीत अक्षरं ओळीवर बसतात, म्हणून मी कागद असा धरला की अक्षरं रेघेवर बसलेली दिसतील. त्यातून वरचा कोपरा फाटलेला, त्यामुळे पानाची सुरुवात कुठली याचीही खूण नव्हती. माझ्याच माहेरचा, माझ्याच माळ्यावरचा कागद. वय वर्षं बेचाळीस, आणि त्याचं डोकं कुठे नि पाय कुठे हे मला कळलं नव्हतं.

एम.ए.ला इतिहास घेतला त्या वर्षाची ही गोष्ट. त्याआधी पंधरा वर्षं मी एका पतसंस्थेत कर्जखाती सांभाळत होते. नोकरी सोडून शिकायला जाते म्हटल्यावर घरात फारसा गोंधळ झाला नाही. शेजारच्या काकींनी मात्र तोंडावर विचारलं, "आतां शिकून कितें करतलें गो?" त्याचं उत्तर माझ्याकडे तेव्हा नव्हतं, आजही तयार नाही.

पहिला आठवडा स्वागताचा. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ पासून याला 'दीक्षारंभ' असं भारदस्त नाव दिलंय. नाव ऐकून मला आधी मुंज आठवली, मग मुंडण. प्रत्यक्षात सोमवार सकाळ अर्ज भरण्यात गेली. त्यातला एक रॅगिंगविरोधी हमीपत्राचा. विद्यार्थ्याने लिहून द्यायचं की मी कुणाला छळणार नाही, आणि खाली पालकाची सही. माझे बाबा बाहत्तर वर्षांचे. चष्मा लावून त्यांनी अख्खा मजकूर वाचला, माझ्याकडे एकदा नीट बघितलं आणि म्हणाले, "नक्की ना?" मग सही केली.

वाळपईहून पणजी गाठायची तर कदंबच्या बसने होंडा, साखळी, डिचोली करत जायचं. आषाढातला पाऊस, खिडक्या बंद, आत ओल्या छत्र्यांचा वास. पणजीच्या स्टँडवर दुसरी बस धरून ताळगावच्या पठारावर, गोवा विद्यापीठात. त्या आठवड्यात एकदा मनात आलं की इतकी वर्षं आपण 'कदंब चुकली', 'कदंब भरलीय' असं म्हणत आलो आणि ते एका राजघराण्याचं नाव आहे हे कधी डोक्यातच आलं नाही. चांदर सोडून जुवारीकाठच्या गोपकपट्टणाला राजधानी नेणारे ते कदंब. त्यांचं बंदर जिथे होतं त्याच नदीचं मुख आमच्या पठारावरून दिसतं. पाऊस थांबला की पलीकडे मुरगावला नांगरलेली मालवाहू जहाजंही दिसतात. पहिले दोन दिवस माझं निम्मं लक्ष तिकडेच होतं.

सोमवारी दुपारी ओळखी झाल्या. नाव, गाव आणि 'इतिहासच का?' या प्रश्नाला कुणी खरं उत्तर देत नाही, हे विचारणाऱ्यालाही माहीत असतं. 'भूतकाळ जाणल्याशिवाय भविष्य घडत नाही' असं तिघांनी सांगितलं, तेही जवळपास त्याच शब्दांत. काणकोणचा एक मुलगा मात्र म्हणाला, "दुसऱ्या विषयाला नंबर लागला नाही." मला तो त्याच क्षणी आवडला. साष्टीची एक मुलगी म्हणाली, की घरात पोर्तुगीज कागदांचं कपाट आहे, ते वाचू शकणारी आजी गेली आणि आता घरात कुणालाच ते वाचता येत नाहीत.

माझी पाळी आली तेव्हा मी दीपाजी राणे काढले. आमच्याकडे अशी गोष्ट सांगतात, की १८५२ साली सत्तरीत दीपाजी राण्यांनी पोर्तुगिजांविरुद्ध बंड करून नाणूसचा किल्ला घेतला, तेव्हा आमचा एक पूर्वज त्यांच्या माणसांत होता. आजी त्याला 'व्हडलो पणजो' म्हणते. मधल्या पिढ्या मोजायच्या भानगडीत कोणी पडलेलं नाही. माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत त्याचे कागद आहेत आणि ते 'बंडाचे कागद' आहेत, असं लहानपणापासून ऐकत आले होते. मी हे जरा रंगवूनच सांगितलं. प्राध्यापकांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "कागद वाचलेत?"

नाही म्हणाले.

"मग बंडाचे आहेत हे कुणी सांगितलं?"

आवाजात खोच अजिबात नव्हती, म्हणून तर जास्त लागलं. गुरुवारी मोडीची ओळख आहे, एखाद्या कागदाची झेरॉक्स आणा, मूळ आणू नका, असं त्यांनी सांगितलं आणि पुढच्या मुलाकडे वळले.

मंगळवारचं बरंचसं विसरले. परीक्षा, क्रेडिट, उपस्थिती, असलंच सगळं. लक्षात राहिलं ते ग्रंथालय. तिथे पांडुरंग पिसुर्लेकरांचा ग्रंथसंग्रह आहे. पिसुर्ले हे गाव आमच्याच तालुक्यातलं, आणि आम्हां सत्तरीकरांना पिसुर्ले म्हणजे खाण, लाल चिखल आणि ट्रकांची रांग. त्या गावात १८९४ साली जन्मलेला एक माणूस पोर्तुगीज राजवटीच्या दफ्तरखान्याचा प्रमुख झाला आणि १९६१ पर्यंत, म्हणजे जवळपास तीस वर्षं, तिथलं एकेक पान चाळत बसला, हे मला बेचाळिसाव्या वर्षी कळलं. मराठे आणि पोर्तुगीज यांच्यामधले तह, वकील, पत्रं याबद्दल आज जे बोललं जातं त्यातलं कितीतरी त्यांनी उजेडात आणलेल्या कागदांवर उभं आहे. पुस्तकांच्या कण्यांवरची नावं मी बोट फिरवत वाचत गेले. निम्म्याहून जास्त पोर्तुगीज. तिथे उभं राहून मला सारखं वाटत होतं, की वाळपईच्या शाळेत आम्हाला हे नाव एकदाही कसं ऐकू आलं नाही. आलं असेल आणि मी खिडकीबाहेर बघत असेन, हेही शक्य आहे.

आमच्या इमारतीला दामोदर धर्मानंद कोसंब्यांचं नाव आहे. गोव्यातच कोसबे इथे १९०७ साली जन्मलेले, गणिती, आणि गणितातून इतिहासात शिरलेले. जुन्या काबिजादीतल्या, म्हणजे पोर्तुगिजांनी आधी जिंकलेल्या मुलखातल्या, गावकरीवर त्यांचा एक निबंध आहे. तिसवाडी, बारदेस, साष्टी या तीन तालुक्यांतली गावकरी म्हणजे गावाची जमीन सामायिक ठेवणारी संस्था. पोर्तुगिजांनी तिचे रीतिरिवाज १५२६ साली एका सनदेत लिहून ठेवले. त्याच १५२६ मध्ये केळशीचा कृष्णदास शामा श्रीकृष्णाची कथा ओव्यांत लिहीत होता. पणजीच्या मध्यवर्ती ग्रंथालयाला ज्याचं नाव आहे तोच हा. एकीकडे महसूल किती आणि कुणी भरायचा याचा हिशेब, दुसरीकडे बाळकृष्णाच्या खोड्या. एका सालाच्या या दोन पानांवर मी त्या दुपारी वहीत चौकट काढून ठेवली. का, ते विचारू नका.

बुधवारी सकाळी खरा धक्का बसला. आम्हाला चार-चारांच्या गटांत बसवलं आणि १६८३ सालच्या एकाच प्रसंगावरचे तीन उतारे दिले. पोर्तुगिजांनी फोंड्याच्या किल्ल्याला वेढा घातला, संभाजीराजांनी तो मोडला, पाठोपाठ मराठ्यांनी जुवे बेट घेतलं आणि गोवा शहर हातचं जातं की काय अशी वेळ आली. आता इथून पुढे काय झालं, ते तुम्ही कुणाकडून ऐकता त्यावर ठरतं.

मी ऐकलं होतं ते शाळेत. त्यात संभाजीराजे घोडा पाण्यात घालतात आणि व्हाइसरॉय जीव मुठीत धरून पळतो. माझ्या गटातल्या साष्टीच्या मुलीने ऐकलं होतं ते आजीकडून. त्यात व्हाइसरॉय, आल्व्हरचा काउंट, मध्यरात्री बॉम जेझू चर्चमध्ये जातो, सेंट फ्रान्सिस झेवियरची शवपेटी उघडायला लावतो, आपला राजदंड संताच्या हाती देतो आणि म्हणतो की आता तूच सांभाळ. आणि मराठे परत फिरतात. ती हे सांगताना तिचा आवाज आपोआप खाली गेला. पुरुमेंताच्या, म्हणजे पावसाळ्याची बेगमी करायच्या दिवसांत कोकमं वाळत घालताना आजी ही गोष्ट सांगायची म्हणे.

तिसरा उतारा कोरडा. औरंगजेबाचा मुलगा शाह आलम मोठी फौज घेऊन रामघाटाने कोकणात उतरतोय, पिछाडी धोक्यात आहे, म्हणून मराठे माघारी वळतात. बस.

आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. तीसेक किलोमीटरच्या अंतरात वाढलेल्या दोन मुली, एकच लढाई, आणि एकीच्या गोष्टीत संत नाही, दुसरीच्या गोष्टीत जुवे बेट नाही. दोघींच्या गोष्टीत शाह आलम नाही. तिने मला हळूच विचारलं, "मगे संतान कितें केलें?" म्हणजे, मग संताने काय केलं? मी म्हटलं, राजदंड ठेवला हे तर खरं असेल, कारण पुढेही नवे व्हाइसरॉय पदभार घेताना त्याच्या समाधीशी जात. प्राध्यापक मागे उभे होते. म्हणाले, "राजदंड ठेवला, ही एक घटना. मराठे गेले, ही दुसरी. दोघींच्यामध्ये 'म्हणून' कुणी घातला ते शोधा." त्या आठवड्यात वहीत उतरवलेलं हे एकच वाक्य मी आजही जसंच्या तसं सांगू शकते.

त्याच दुपारी पणजीतल्या पुराभिलेखागारात नेलं. पिशव्या बाहेर, पेनं बाहेर, आत फक्त शिसपेन्सिल. बोटाला थुंकी लावून पान उलटायचं नाही, हे ऐकल्यावर माझा हात आपोआप पाठीमागे गेला. पतसंस्थेत पंधरा वर्षं दुसरं काय केलं! हा दफ्तरखाना १५९५ सालचा, आणि त्याचा पहिला रखवालदार दिओगु दु कोतु हा बखरकार. तिथल्या सगळ्यात मोठ्या पत्रमालिकेचं नाव ऐकून मी चमकले. 'मोंसोंइश', म्हणजे मान्सूनची दफ्तरं. लिस्बनहून राजाची पत्रं घेऊन येणारी जहाजं वाऱ्याच्या भरवशावर चालायची. वसंतात तिकडून निघाली की पाऊस ओसरताना इथे पोचायची आणि हिवाळ्यात परत फिरायची. एका पत्राचं उत्तर यायला दीड-दोन वर्षं. म्हणजे इथला अधिकारी राजाला काही विचारायचा आणि उत्तर येईपर्यंत प्रश्न विचारणाऱ्याची बदली झालेली, नाहीतर प्रश्नच निकालात निघालेला. बाहेर तोच पाऊस कौलांवर वाजत होता आणि आत कागदांवर त्याच पावसाचं नाव.

एका खंडाचं पान आम्हाला लांबून दाखवलं. अक्षरांच्या जागी भोकं. कसरीने खाल्लंय का, असं मी विचारलं. काही ठिकाणी कसर, पण इथे शाईने खाल्लंय, असं उत्तर मिळालं. त्या शाईत लोह असतं, दमट हवेत ती कागद जाळत जाते, आणि जिथे लेखकाने टाक जास्त दाबला तिथे आधी. म्हणजे ज्याने ठासून लिहिलं त्याचंच आधी पुसलं गेलं. यावर एक कविता करण्याचा मोह झाला होता, आवरला.

मग गुरुवार. कागद सुलटा झाल्यावरचा.

मोडीत शब्द तोडत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाची फारशी पर्वा करत नाहीत, आणि बोरू उचलावा लागू नये म्हणून अक्षरं मोडून एकमेकांत गुंतवतात. पहिल्या तासात मला 'र' आणि 'म' ओळखता आले, तेही अंदाजाने. सरांनी सगळ्यांचे कागद फळ्याशेजारी लावले आणि एकेक वाचत गेले. कुणाचं देवळातल्या नंदादीपाच्या तेलाचं, कुणाचं बांधाच्या भांडणाचं. साष्टीच्या मुलीचा पोर्तुगीज कागद दुसऱ्या बाईंनी वाचला. हुंड्यात दिलेल्या दागिन्यांची यादी निघाली; त्यातला एक हार तिच्या आईच्या गळ्यात अजून आहे, असं ती ओरडूनच म्हणाली.

माझ्या कागदाशी सर थांबले. चष्मा वर केला. शक १७७५ आहे म्हणाले. मी मनात अठ्ठ्याहत्तर मिळवले. १८५३! दीपाजी राण्यांचं बंड १८५२ ते १८५५. माझ्या पोटात गोळा आला. सर वाचत होते, मी श्वास धरून उभी. आता नाणूस येणार, आता राणे येणार.

आलं ते भात. दोन खंडी भात, वाढीदिढीने, पुढच्या सुगीला परत.

वाढीदिढी म्हणजे काय हे पोरांना समजावून सांगावं लागलं. मला नाही. दोन खंडी घ्या, पीक आलं की तीन द्या. वीस कुडवांची खंडी, म्हणजे चाळीस कुडव घेतले, साठ परत. सहा महिन्यांत पन्नास टक्के. पतसंस्थेत हा दर लावला असता तर निबंधकाने टाळं ठोकलं असतं. आमचा व्हडलो पणजो, बंडातला शिलेदार, कर्जदार निघाला. खाली निशाणी नांगराची. म्हणजे सहीसुद्धा नाही.

मी तरी एकदा प्रयत्न केला. म्हटलं, सर, बंडाची धामधूम, शेतं पडीक राहिली असतील, म्हणून भात उसनं घेतलं असेल. सर हसले. "घेतलं असेल. पण कागदात बंड नाही. भात आहे." मला बुधवारचा 'म्हणून' आठवला आणि मी गप्प बसले.

शुक्रवारी जुन्या गोव्याला नेलं. ते सगळं सांगत नाही. तिथे सगळेच गेलेले असतात. सेंट ऑगस्टीनच्या पडक्या मनोऱ्याशी मात्र आम्ही तासभर चिखलात उभे होतो. जॉर्जियाच्या केतेवान राणीला १६२४ साली शिराझला मारलं. तिचे अवशेष ऑगस्टिनी पाद्र्यांनी गोव्यात आणून या मठात ठेवले. कुठे ठेवले ते एका जुन्या पोर्तुगीज लेखात होतं. कुठली खोली, कितवी खिडकी, एवढं नेमकं. पण मठच कोसळलेला, मग खिडक्या मोजायच्या कुठून? अनेक वर्षांच्या उत्खननानंतर हाडं सापडली, हैदराबादच्या प्रयोगशाळेने डीएनए तपासला आणि २०२१ साली ती जॉर्जियाला दिली गेली. काणकोणचा मुलगा, दुसऱ्या विषयाला नंबर न लागलेला, परतीच्या बसमध्ये बराच वेळ बोललाच नाही. मग म्हणाला, "तिसऱ्याच खिडकीखाली शोधत बसले असते तर?"

शनिवारी मी माहेरी गेले. आजी पडवीत सुपारी कातरत बसली होती. वय अठ्ठ्याऐंशी, कान तिखट. मी तिला सगळं सांगितलं. बंडाचं काही नाही, भाताचं कर्ज आहे. मला वाटलं होतं ती नाराज होईल, निदान मानणार तरी नाही. तिने अडकित्ता खाली ठेवला.

"आनी तें फारीक केलें मगे ताणें?"

फारीक करणं म्हणजे फेडणं. जुन्या मराठी कागदांत फारखत असतं, कर्ज फिटल्याचा दाखला, त्यातलाच हा फारीक. सरांनी दिलेल्या शब्दांच्या यादीत तो होता आणि मी पाठ करत होते. आजीच्या तोंडी तो रोजचा. तीन दिवस तो कागद माझ्याकडे होता. साल बघितलं, राणे शोधले, व्याज काढलं. फेडलं की नाही, हे मला विचारावंसंच वाटलं नव्हतं. मला, कर्जखाती सांभाळणाऱ्या बाईला!

मग एकदम दुसरंच सुचलं आणि मी ताडकन उठले. कर्जाचं खत देणाऱ्याकडे राहतं, घेणाऱ्याकडे नाही. आमच्या पतसंस्थेतही वचनचिठ्ठी आमच्या तिजोरीत असायची; शेवटचा हप्ता भरला की 'रद्द' शिक्का मारून कर्जदाराच्या हाती. पूर्वी फेड झाली की खत फाडून परत देत. मग घेणाऱ्याचा कागद आमच्या, म्हणजे घेणाऱ्याच्याच ट्रंकेत कसा?

शिडी लावून माळ्यावर चढले, लाल फडक्यातला मूळ कागद काढला आणि पडवीत उजेडात आणला. वरचा उजवा कोपरा नव्हता. झेरॉक्समध्ये तिथे नुसता काळा डाग आला होता. वाळवी असेल, उंदीर असेल, नाहीतर घडीवर विरून गळून पडला असेल, असं मी मोठ्यांदा म्हणत होते. खरं तर स्वतःलाच बजावत होते, की इथे 'म्हणून' घालायचा नाही.

आजीने कागद माझ्या हातातून घेतला. वाचायला तिला देवनागरीही येत नाही. फाटलेल्या कडेवरून तिने अंगठा वरपासून खालपर्यंत एकदा फिरवला, मग उलट फिरवला.

"हुंदीर इतलें नीट खायना," ती म्हणाली आणि अडकित्ता उचलला.